बारा टोपल्या कुठून आल्या?

ख्रिस्तभक्त थोमा महाराज त्या वर्षी बोरपिंपळला, तळ्याखालच्या लहानशा ख्रिस्ती देवळात मुक्कामाला होते. अंगात भगवी कफनी, हाती चिपळ्या, मुखी शुभवर्तमान.

त्याच गावात गजराबाई टोपल्या विणत असे. कीर्तनात येशूने रानात पाच भाकरींवर पाच हजारांना जेवू घातल्याची कथा निघाली की सारी मंडळी भाकरींत रमत. हिचा जीव मात्र उरल्यासुरल्या तुकड्यांच्या बारा टोपल्यांत अडकलेला! सात वर्षे वाट पाहून येत्या रविवारी तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता. त्याआधी देवळाचे शामुवेल मास्तर बाप्तिस्मा घेणाऱ्या सर्वांची परीक्षा घेत. तिने त्यांनाच विचारले, "मास्तर, ते तर ओसाड रान. मग बारा टोपल्या आल्या कुठून? अन् इणल्या कुणी?"

मास्तर खो खो हसले. "देवाने पाच हजार जेवू घातले आणि ही बुरडीण टोपल्या मोजतेय! शास्त्रात नाही ते विचारणाऱ्याचा विश्वास कच्चा." त्यांनी यादीतून तिचे नावच खोडले.

बिचारी रडत महाराजांकडे गेली. महाराज म्हणाले, "माय, मलाही ठाऊक नाही. पण लेकरू विचारतंय म्हणून बाप कधी रुसतो का? जा, हातचं काम पुरं कर."

शनिवारी दुपारी परतीच्या पावसाने तळ्याचा बांध खचला. बांधाच्या थेट खाली देऊळ, शेजारी मास्तरांचे घर, घरात खाटेला खिळलेली त्यांची आई! माणसे धावली, पण माती वाहायची कशात? गजराबाईचा माल बाजारात गेलेला. घरात उरल्या होत्या पाचच टोपल्या.

महाराजांनी त्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणाले, "आता या वाटत जा, माय."

दारात उभी राहून ती एकेक देऊ लागली. पाच संपल्या. मागे हात घातला, तर सहावी हाताला लागली! बांबू ओला, आणि वीण तिची नव्हती. ती थबकली. समोर मास्तरच हात पसरून उभे होते. "बाई, द्या हो लवकर!" तिने दिली, आणि देतच राहिली.

दिवस मावळायच्या आत बांध सावरला. सुटलो रे देवा! मास्तरांची आई खाटेवरून चहा मागत होती.

देवळापुढे टोपल्या रचल्या, तर भरल्या बारा. मास्तरांनी पुन्हा मोजल्या. "महाराज, पाचच होत्या ना? मग या बाकीच्या आल्या कुठून? विणल्या कुणी?"

महाराज हसले. "शास्त्रात नाही, मास्तर."

मास्तरांनी मातीने माखलेले हात जोडले आणि गजराबाईच्या पायांशी वाकले. "माय, चुकलो. उद्या पहिलं नाव तुमचं."

"उठा मास्तर," ती डोळे पुसत म्हणाली, "मलाबी अजून कळलं न्हाई."