कबाडे काकूंची वेबसाइट

“पण हायवेवरून जाणारा माणूस हे बघून आत येईल का?” मुजावर सरांनी विचारलं.

“येईल म्हणजे काय, सर! बघतच राहील.”

“बघतच राहील… मग येईल कधी?”

शर्वरी हसली. सरांना गंमत करायची सवय होती. फक्त या वेळी सर हसले नाहीत.

शर्वरी आवटी पुण्यात वेबसाइट करायची. मोठमोठ्या हॉटेलांच्या. त्यासाठी तिला बक्षिसंही मिळाली होती, आणि ती मिळाल्याचं गावात कुणाला ठाऊक नाही असं होऊ नये, याची काळजी तिच्या आईनं घेतली होती.

चित्रकलेचा श्रीगणेशा मात्र तिनं सरांच्या घरातल्या याच खोलीत केला. बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या मुजावर सरांच्या हातच्या. काचबिंदूनं सरांचे दोन्ही डोळे नेले, तरी कुठलंही काम हातावेगळं झालं की शर्वरी आधी सरांकडे यायची. सल्ला घ्यायला नव्हे हो. शाबासकी घ्यायला.

या खेपेचं काम जवळचं होतं. कबाडे काकूंच्या खानावळीची जुनी वेबसाइट मोडून नवी करायची होती. शाळेत असताना आई नोकरीवर, म्हणून शर्वरी रोज दुपारी काकूंकडे जेवायची आणि तिथूनच सरांकडे यायची.

आता नवा रस्ता गावाला बगल देऊन गेला होता आणि गिऱ्हाईकही त्याच्यामागून गेलं होतं. काकूंनी स्पष्टच सांगितलं होतं, “दिवाळीपतुर बघते बाई. न्हाईतर चूल बंद.”

उद्या सकाळी काकूंना आराखडा दाखवायचा होता.

“बरं, सांग,” सर म्हणाले. “काय काय केलंयस?”

शर्वरी सरसावून बसली. “पान उघडलं की आधी सगळा काळोख…”

“काळोखाचं मला नको सांगूस. पुढं?”

“मग हळूहळू धूर वर येतो. त्या धुरातून एक तांब्याचं ताट. ताटात भाकरी. बाजूला झेंडूच्या पाकळ्या.”

“पाकळ्या खायच्या?”

“सजावट आहे, सर.”

“हं… काकूंकडं तांब्याची ताटं कधी आली?”

“नाही आली. फोटो विकत घेतलाय.”

“आणि भाकरी?”

शर्वरीनं घसा साफ केला. “तीही… फोटोतलीच.”

सर काहीच बोलले नाहीत.

ते ओरडले असते तर परवडलं असतं. पूर्वीही चित्र चुकलं की ते असेच गप्प बसायचे, आणि पोरं आपणहून रबर शोधायला लागायची.

सरांनी खिशातून फोन काढला. बोलणारा फोन. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा. “यात लाव तुझं पान.”

शर्वरीनं लावून दिलं. सरांनी बोट फिरवलं.

“प्रतिमा,” फोन म्हणाला.

बोट पुढे सरकलं.

“प्रतिमा… प्रतिमा… नाव नसलेलं बटण… प्रतिमा.”

“ते राहून गेलंय, सर,” शर्वरी घाईनं म्हणाली. “प्रत्येक फोटोला फोन वाचेल असं नाव द्यायचं असतं. रात्रीत करून टाकते.”

“काय नाव देशील?”

“म्हणजे… ‘भाकरी’.”

“कुणाची?”

नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, अशी आपल्या कामाची गत आहे की काय, ही शंका तिला पहिल्यांदाच चाटून गेली. अर्थात, बक्षीस मिळालेली माणसं शंका फार वेळ टिकू देत नाहीत.

“सर, तुम्हाला दिसत नाही म्हणून…” ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“बरोबर आहे. मला दिसत नाही.”

सरांचा हात चाचपडत टेबलावर आला. लॅपटॉपला लागला. त्यांनी तो अलगद मिटला.

“आता तुलाही दिसत नाही. सांग.”

“काय सांगू?”

सरांनी दोन्ही हात पुढे धरले, स्टीअरिंगवर धरावेत तसे. “मी गाडी चालवतोय. दुपार टळून गेलीय. पोटात कावळे ओरडतायत. कशाला येऊ मी तुझ्या खानावळीत?”

आंधळा माणूस भर दुपारी खुर्चीत बसून गाडी हाकतोय. एरवी शर्वरीला हसू फुटलं असतं.

“अस्सल गावरान चव,” तिनं सुरुवात केली. “घरगुती वातावरण. परंपरेचा वारसा जपणारी…”

सरांनी तोंडानं घूंऽऽ केलं आणि गाडी दामटली.

“गेली तुझी खानावळ. मागं पडली.”

“सर, ऐका तरी! उत्कृष्ट सेवा, प्रशस्त पार्किंग…”

घूंऽऽ.

“सगळे हेच सांगतात गं, पोरी. साताऱ्यापासून ऐकत आलोय.”

…

शर्वरीला एकदम रडू आल्यासारखं झालं. उद्या काकू समोर बसणार, पदराला हात पुसत, आणि आपण त्यांना हा धूर दाखवणार. त्या बिचाऱ्या म्हणतीलही, छान हाय बाई. आणि दिवाळीनंतर चूल बंद करतील.

“काकू दारात उभ्या असतात,” ती हळूच म्हणाली. आराखड्यात यातलं काहीच नव्हतं. “आत येणाऱ्याला आधी विचारतात, कुठनं आलासा? माणूस लांबून आला असेल तर त्याच्यापुढं आधी ताक ठेवतात. मग म्हणतात, बाह्या दुमडा, भाकरी टाकते.”

सरांची गाडी जरा मंदावली.

“बाह्या कशाला?”

“तोवर त्या भाकरी तव्यावर टाकतच नाहीत. कुणी फोनवर बोलत बसला की म्हणतात, होऊ द्या तुमचं निवांत. माणसानं भाकरीसाठी थांबलेलं चालतं, भाकरीनं माणसासाठी थांबलेलं त्यांना खपत नाही. मधे अर्धीच भिंत आहे ना, तिच्यापलीकडं भाकरी थापल्याचा आवाज येतो. थप थप थप. बोलणारीसुद्धा गप्प होतात. मग ताटात भाकरी पडते ती टम्म फुगलेली. स्टीलचं ताट, कडेला चेपलेलं. काकू स्वतः बोटानं ती फोडतात, वाफ जाऊ देतात, आणि आत शेंगांची चटणी घालून वर तेल सोडतात. तोवर मसुराची वाटी येते…”

सर ऐकत होते. शर्वरी थांबेना. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं तिचं झालं होतं, आणि आता कळसा सापडल्यावर ती तो खाली ठेवायला तयार नव्हती.

“एकदा मी तिथं रडत गेले होते, सर. तुम्ही माझं चित्र फाडलं होतं.”

“मी?”

“टराटरा. सगळ्यांसमोर.”

“असेल फाडलं…”

“त्या दिवशी मी जेवण मागे ठेवून आधी तासालाच आले होते. जेवायला गेले ते सुजलेले डोळे घेऊन. काकूंनी काही म्हणजे काही विचारलं नाही. त्या समोर बसल्या आणि माझ्या फ्रॉकच्या बाह्या त्यांनीच दुमडल्या. एक ही, एक ती. मग उठल्या आणि भाकरी टाकली.”



शर्वरीनं डोळे पुसले आणि वर बघितलं. सरांचे हात आता स्टीअरिंगवर नव्हते. ते आपल्या सदऱ्याची डावी बाही दुमडत होते. सावकाश, चाचपत, कोपरापर्यंत. मग उजवी.

बाह्या झाल्यावर ते उठले आणि पायानं चपला शोधू लागले.

डोळे गेल्यापासून सर घराबाहेर पडले नव्हते. ईदेलाही माणसंच त्यांच्याकडे येत. लेकानं, डॉक्टरांनी, जुन्या विद्यार्थ्यांनी नाना परीनं सांगून पाहिलं होतं. शर्वरीनंही.

तिनं धावत जाऊन चपला त्यांच्या पायांशी सरकवल्या. सरांनी हात पुढे केला. तिनं तो आपल्या खांद्यावर घेतला. लॅपटॉप टेबलावर तसाच मिटलेला राहिला.

दारात ऊन लागलं तसे सर क्षणभर थबकले. शर्वरीला वाटलं, आता परत फिरतात.

“सर…” ती म्हणाली, आणि काय बोलावं ते न सुचून भलतंच बोलली, “पण वेबसाइटचं काय? उद्या काकूंना काय सांगू?”

सरांनी पायरी चाचपली. पाऊल खाली ठेवलं.

“एक गिऱ्हाईक जेवायला उठलं म्हणावं. बाकीच्यांना तू उठव.”