पाटलाच्या वाट्यातले बीळ

खारमांडे हे खाडीकाठचे गाव. गावासमोर खाडी, आणि खाडीच्या पैलतीरावर, जिथे होडी लागते तिथे, उंडीच्या झाडाखाली महाराजांची झोपडी होती. महाराज कुठून आले हे कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. तरीवर, म्हणजे होडी लागण्याच्या जागी, राहतात म्हणून लोक त्यांना तरीचे महाराज म्हणत. होडीतून उतरणारा माणूस आधी त्यांच्या पाया पडे आणि मग आपल्या वाटेला लागे. ज्यांच्या नुसत्या जवळ बसण्याने मन निवळावे, अशा त्या माउलीची ही एक कथा आहे.

खारमांड्याची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खोलगट जमिनीत होती. खाडी आणि शेत यांच्यामध्ये होता फक्त मातीचा एक लांब बांध. तो फुटला तर हातचे पीक जाणारच, शिवाय जमिनीत मुरलेले मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची कित्येक वर्षे तिथे गवतही धड उगवणार नाही. आणि या बांधाला रोज भोके पाडणारे होते खेकडे.

म्हणून बांधाचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाट्याला दिलेला असे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी प्रत्येकाने आपापला वाटा पाहून बिळे बुजवायची. बीळ वरून लिंपून भागत नाही. आतली पोकळी तशीच राहते आणि पाणी नेमकी तीच वाट धरते. ते आधी तळापर्यंत खणून मोकळे करावे लागते, मग त्यात चिखल आणि पेंढा भरून जड लाकडी धुमसाने ठोकून घट्ट करावे लागते.

गोमा नावाचा एक गरीब भाविक या गावात राहत होता. त्याचा वाटा सगळ्यात लहान, बांधाच्या अगदी टोकाला. तो उरकला की धुमस खांद्यावर टाकून तो पुढे चालू लागे आणि दिसेल त्याच्या वाट्यातले बीळ बुजवी. धुमसाच्या प्रत्येक ठोक्याला तोंडाने "नारायण" म्हणे. काम संपले की होडीने पलीकडे जाऊन महाराजांची झोपडी झाडून काढी.

बांधाचा कारभार बाळोजी पाटलाकडे होता. पाटील आळशी नव्हता, लबाडही नव्हता. लहानपणी त्याने एकदा बांध फुटलेला पाहिला होता, शेतावर पांढरी मिठाची साय धरलेली पाहिली होती. ती भीती त्याच्या मनात कायमची बसली. बांधावर त्याच्याइतका जीव कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच त्यावर दुसऱ्याचा हात पडलेला त्याला खपत नसे.

"काय रं गोम्या," तो सगळ्यांदेखत म्हणे, "खेकड्यांना कीर्तन ऐकवतोस काय? टाळकरी बरे मिळाले तुला! नांग्याच वाजवतील!"

लोक हसत. गोमाही हसे.

"आणि तुझ्या महाराजांना सांग, एकदा इकडं येऊन चिखल तुडवा म्हणावं. झाडाखाली बसून देव भेटत असेल, बांध नाय उभा राहत!"

गोमाने हे महाराजांना सांगितले तेव्हा महाराज एवढेच म्हणाले, "पाटील काही खोटं बोलत नाही."

भाद्रपदातली अमावास्या जवळ आली होती. वर्षातले सगळ्यात मोठे उधाण याच सुमाराला येते, आणि भात तर नुकते लोंबीवर आलेले. पाटील बांध पाहायला निघाला. स्वतःच्या वाट्यापाशी येऊन पाहतो तर गोमा गुडघ्यांवर बसून बांध खणतो आहे! मातीचा ढीग बाहेर, धुमस बाजूला पडलेले, आणि बांधाला हात जाईल एवढे भगदाड.

पाटलाचे डोके फिरले. त्याने गोमाला दंडाला धरून ओढत देवळाच्या ओट्यावर आणले आणि गाव गोळा केले.

"बांध फोडताना धरलाय याला. माझ्याच वाट्यात!"

"बीळ होतं पाटील, मोठं बीळ होतं..." गोमा म्हणाला.

"रोज इतकी बिळं याला कशी सापडतात मग?" गर्दीतून धाकू ओरडला. धाकूला तमाशा आवडे. "खेकडं निरोप धाडतात काय रं, या म्हणून?"

हशा पिकला. गोमाची बायको चांगुणा पुढे आली. "बुजवायचं तर आधी खणायला लागतं, हे मी सांगू काय तुमाला? तुमी सगळे बांधावरचेच ना? रघूभाऊ, तुमी तरी बोला!"

रघू गोमाचा शेजारी. त्याने मान खाली घातली.

चांगुणा म्हणाली ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पाटलालाही ठाऊक होते. पण धाकूला हसायचे होते, रघूला पाटलाचे भय होते, म्हाताऱ्यांना घरी जाऊन जेवायचे होते, आणि बोललेला शब्द मागे घेणे पाटलाच्या स्वभावात नव्हते. त्या ओट्यावर कोणीही दुष्ट नव्हते. तरी न्याय झाला नाही.

"यानं बांधावर पाय ठेवायचा नाय," पाटलाने निकाल दिला. "ठेवला तर गाव सोडायचं. आणि ते भगदाड कोणी बुजवू नका. अमावास्येला सकाळी सभा घेऊन सगळ्यांना नीट दाखवतो. हे धुमसही माझ्याकडंच राहील."

गोमा होडीत बसला आणि पलीकडे जाऊन महाराजांच्या पायांशी रडला. "महाराज, गाव माझ्यावर उलटलं."

"गाव?" महाराज म्हणाले. "गाव म्हणजे कोण रे? नावं सांग."

"पाटील चिडला."

"का चिडला?"

गोमाने विचार केला. "बांधाला धक्का लागंल म्हणून भ्याला."

"बरं. आणखी कोण?"

"धाकू हसला. रघू गप्प बसला."

"एक भ्याला, एक हसला, एक गप्प बसला. यात गाव कुठे आलं?" महाराज हळूच म्हणाले. "आणि तू?"

"मी काय केलं, महाराज?"

"पाटलाला कधी विचारलं होतंस का, तुमच्या वाट्यात हात घालू का म्हणून?"

गोमा म्हणाला, "नाय विचारलं. मना वाटायचं, आपण करतोय ते चांगलंच हाय, विचारायचं कशाला?"

महाराज हसले. "हेही एक बीळच, गोमा. लहान आहे, पण आहे. खेकड्यावर रागावू नये रे, पोखरणं हा त्याचा स्वभाव. प्रत्येकाच्या आत एखादा असतोच. आपण उधाणाआधी आपल्या बांधावरून फेरी मारायची, इतकंच."

किती सोपे करून सांगितले महाराजांनी! गोमाचे रडणे थांबले. पण काळजी थांबली नाही. घरी न परतता तो महाराजांपाशीच राहिला.

अमावास्येच्या सकाळपासून वारा खाडीच्या तोंडाकडून सुटला. गोमा सारखा पैलतीराकडे पाहत होता. "महाराज, ते बीळ उघडंच हाय. जाऊ द्या मना. गाव सोडायला लागलं तरी चालंल."

"थांब," महाराज म्हणाले. "तू इथे बसून नारायणाचं नाव घे. मला जरा डोळे मिटायचे आहेत. मी उठेपर्यंत हलू नकोस." त्यांनी घोंगडी पायांवरून ओढून घेतली आणि झाडाला पाठ टेकून डोळे मिटले. होडीवाला काशा आपली होडी दुहेरी दोराने बांधून तिथेच बसला. अशा पाण्यात होडी घालायला तो वेडा नव्हता.

दुपारी भरती शिगेला पोचली. वाऱ्यामुळे सभा भरली नव्हती, आणि आपलाच हुकूम मोडून बीळ बुजवायला पाटलाचे मन घेत नव्हते. तो बांधावरच होता. पाण्याने उघडे बीळ गाठलेले त्याने पाहिले. आधी शेताकडच्या अंगाला माती नुसती ओली झाली. मग बोटभर धार आली. मग वरची माती आत खचली आणि बांधाला खांड पडली. पाणी घोंघावत भातात शिरू लागले.

"धावा रं! खांड पडली, धावा!"

लोक धावले आणि थोड्या अंतरावर थबकले. ओढ जबरदस्त होती. आत उतरायचे कोणी? वाटा पाटलाचा, भगदाड राखले पाटलाने. धाकूचे हसू गेले होते. रघू आजही गप्प होता. पाटील कोणासाठी थांबला नाही. त्याने खांडीत उडी घेतली, पण पाय टेकेनात. पाण्याने त्याला शेताकडे लोटले, आणि तेवढ्यात कोणीतरी त्याचा दंड धरला.

गोमा होता.

छातीभर पाण्यात, पाठ खाडीकडे करून, तो खांबासारखा उभा होता. तोंडाने एक शब्द नाही. त्याच्या पाठीवर पाणी आपटून दोन बाजूंना फुटत होते आणि त्याच्यापुढे जागच्या जागी संथ होत होते. त्या संथ जागेत पाटलाचे पाय टेकले. "चिखल द्या!" पाटील ओरडला. "पेंढा द्या!" चिखलाने भरलेला पहिला हारा घेऊन आला तो रघू, आणि त्याच्या मागे धाकू. मग सगळे गाव रांगेला लागले. गोमा हलला नाही. खांड भरत आली, पाणी तुटले, आणि भात वाचले!

पाटलाने चिखलाने माखलेले तोंड पुसले आणि वळून पाहिले. गोमा नव्हता. बांधावर नव्हता, घरीही नव्हता. "ते तर तुमी निकाल दिला तेव्हापासून महाराजांकडंच हायत," चांगुणा म्हणाली.

पाणी उतरू लागताच काशाची होडी अलीकडे आली. पाटील गोमाचे धुमस घेऊन तिच्यात चढला. पलीकडे झाडाखाली गोमा बसला होता. पाटलाने त्याचे हात हातांत घेतले, खांदे चाचपले, धोतर पाहिले. सगळे कोरडे.

"तू... तू माझ्या शेजारी उभा होतास ना?"

"मी इथंच हाय पाटील, सकाळधरनं. बांध कसा हाय? भात हाय ना?"

"होडी बांधलेलीच होती," काशा मागून म्हणाला. "आता तुमच्यासाठीच सोडली."

पाटील महाराजांकडे वळला. महाराज नुकतेच डोळे उघडत होते. त्याने घोंगडीची कड बाजूला केली, पायांवर डोके टेकवले, आणि डोके तिथेच राहिले. पावले बर्फासारखी गार होती. तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात उभे राहिलेल्या माणसाची सुरकुतते तशी. आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल होता. निळसर, खारा, खारमांड्याच्या बांधाचा.

"महाराज," पाटलाला हुंदका आवरेना, "मीच म्हटलं होतं, चिखल तुडवा म्हणून..."

"तू बोलावलंस, म्हणून तर येता आलं," महाराज म्हणाले. "ऊठ. खांड घाईत भरली आहे, नीट ठोकायची राहिली आहे. रात्रीची भरती यायच्या आत दोघं जा."

गोमा उठला. पण पाऊल टाकण्याआधी त्याने हात जोडले आणि विचारले, "पाटील, तुमच्या वाट्यात हात घालू का?"

पाटलाने धुमस गोमापुढे ठेवले, आणि तरीवरच्या सगळ्यांदेखत त्याच्या पायांवर वाकला.