टिटवीच्या लेकीची झांज

फार मागे, तळ्याला अजून नावही पडलं नव्हतं तेव्हा, त्याच्या काठावर पाखरांचा जॅझ बँड तालीम करायचा. बगळे ट्रम्पेट फुंकायचे, बदकं सॅक्सोफोन वाजवायची आणि अगदी शेवटी टिटवीची लेक झांज एकदाच वाजवायची. ते जमलं नाही, तर धनेश मास्तर झांज दुसऱ्या कुणाला देणार होते.

टिटवी कडेला बसून तालीम बघत होती. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी बाई ती, तिला स्वस्थ बसवतंय कुठलं! लेकीची पाळी जवळ आली तशी ती ओरडली, "बाळे, सांभाळ गं!"

आईची अशी हाक आली की गवतात आडवं व्हायचं, हे लेक अंड्यातून बाहेर आल्यापासून शिकलेली. ती झांजेसकट आडवी झाली. झांज वाजलीच नाही.

"तिसऱ्यांदा चुकली," मास्तर म्हणाले. "आता शेवटची संधी."

"कशाला एवढी घाबरते, देव जाणे!" टिटवी हळहळली.

शेजारची म्हातारी कासवीण हसली. "अगं बये, ती कुठे घाबरते? तू ओरडतेस म्हणून आडवी होते. हे शिकवलं कुणी तिला?"

टिटवी ओशाळली. ती तळ्यावर गेली आणि चोचभर चिखल घेऊन येऊन बसली.

या वेळी झांज खणखणीत वाजली. सगळे वाहवा करत होते, टिटवीला मात्र शाबासकीसुद्धा देता येईना.

घरी जाताना लेक म्हणाली, "आई, उद्या कार्यक्रम आहे. चिखल तिथे मिळेल, की घरून न्यायचा?"