मारुतीच्या पायरीवर महाराज बसले

वेळू नदीच्या काठी राजणपेठ नावाचे भरल्या बाजाराचे गाव आहे. श्री निवांतनाथ महाराज आपल्या देहाची शेवटची बावीस वर्षे याच गावी राहिले. कमरेला पंचा, खांद्यावर काळी घोंगडी आणि हातात कटोरी एवढाच त्यांचा संसार. गावाबाहेर चिंचेखाली त्यांची मठी होती. दुपारी पाच घरी भिक्षा मागावी, मिळेल ते खावे आणि आल्यागेल्याशी दोन शब्द गोड बोलावे, असा त्यांचा नेम होता.

त्या काळी पेठेत यशवंतशेट लाड यांचा शब्द चाले. भर चौकात त्यांची कापडाची पेढी होती. माणूस वाईट नव्हता. जत्रेला अन्नदान करी, देवळाला तेल पुरवी. पण पेढीसमोर मारुतीचे देऊळ होते आणि त्याच्या पायऱ्यांवर दहावीस भिकारी बसत, तिथेच निजत. ते दृश्य रोज सकाळी दुकानाची फळी काढताना शेटजींच्या डोळ्यांत सले. परगावचे गिऱ्हाईक निजलेल्या माणसांना ओलांडून येते, याची त्यांना लाज वाटे. लाज त्या माणसांची वाटे, त्यांच्या हालांची नव्हे.

पेठेतले बाकीचेही त्यांच्याच सुरात सूर मिळवीत. कोणी म्हणे, धडधाकट आहेत, कामे करायला काय होते. कोणी म्हणे, एकाला दिले की दुसऱ्या दिवशी दहा येतात. काही जण शनिवारी हातावर काहीतरी टेकवीत आणि दुसरीकडे बघत निघून जात.

त्या पायरीवर ठकूबाई नावाची एक कोष्टीण बसे. नवऱ्याचा माग बंद पडला, पुढे नवराही गेला आणि दिरांनी तिला घराबाहेर काढले. तिने काम मागितले नाही असे नव्हते. दारोदार हिंडली होती. लोक विचारीत, राहतेस कुठे? पायरीवर, असे सांगितले की दार लागे. घर नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून घर नाही, अशा फेऱ्यात ती सापडली होती. तरी पहाटे उठून सारा चौक झाडून काढी, आणि भिक्षेतली पहिली चतकोर भाकरी पदराखाली झाकून महाराजांना नेऊन देई. महाराज ती मोठ्या आवडीने खात. एकदा यशवंतशेटांच्या घरून पुरणाचे ताट आले होते. महाराजांनी ते बाजूला ठेवले आणि आधी ठकूबाईची भाकरी संपवली. ही गोष्ट शेटजींच्या मनात काट्यासारखी रुतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर चौकात तिला हटकले, “काय गं, दारोदारचे तुकडे गोळा करायचे आणि संतांना खाऊ घालायचे? पुण्यसुद्धा भीक मागून मिळवतेस होय?”

आजूबाजूचे हसले. ठकूबाईने मान खाली घातली आणि झाडू लागली.

आश्विनात देवीची जत्रा आली. त्या वर्षी सुभ्याचे मोठे अधिकारी येणार होते. पंचांनी ठरवले की त्याआधी चौक मोकळा करायचा, सगळ्या भिकाऱ्यांना नदीपार नेऊन सोडायचे. काम यशवंतशेटांनी अंगावर घेतले. गावची माणसे ओळखीपाळखीने ढिली पडतील म्हणून त्यांनी बाहेरगावचे चार पहारेकरी आणले आणि त्यांना बजावले की कोणाचे रडगाणे ऐकत बसू नका, पायरीवर दिसेल त्याला उठवा.

काम सकाळीच झाले. सूर्य माथ्यावर आला तेव्हा शेटजी चौकात आले. पायऱ्या धुऊन काढल्या होत्या. फरशी चकचकत होती. समाधानाने त्यांनी वर पाहिले आणि जागच्या जागी थबकले. ठकूबाई बसे त्याच पायरीवर महाराज बसले होते. समोर कटोरी ठेवलेली होती.

शेटजी लगबगीने पुढे झाले. महाराजांनी इथे उन्हात का बसावे, घरी चलावे, अशी त्यांनी विनवणी केली.

महाराज म्हणाले, “जागा रिकामी दिसली म्हणून बसलो. गावात मागून खाणारा नको, असं पंचांनी ठरवलं म्हणे. मग पहिला मान माझा. मी तर जन्मभर मागूनच खातोय. कोण मला पार नेऊन सोडतो, त्याची वाट बघतोय.”

त्यांचा स्वर शांत होता. शेटजींना मात्र मान वर करवेना. आपण तसे नाही महाराज, आपली गोष्ट वेगळी, असे काहीतरी ते पुटपुटले. एवढ्यात घरची मोलकरीण धावत आली. आई घरात नव्हत्या.

यशवंतशेटांची आई अंबूताई ऐंशीच्या घरात होती. वर्षभरापासून तिला काही आठवत नसे. स्वतःचे नावही सुचत नसे. घरच्यांची नजर चुकवून ती बाहेर पडे आणि कधीकधी पायरीवर ठकूबाईजवळ जाऊन बसे. शेटजींना ते कळले की ते तिला हाताला धरून घरी आणीत आणि दार लावून घेत. आज जत्रेच्या गडबडीत दार उघडे राहिले होते.

विहिरी पाहिल्या, गल्ल्या धुंडाळल्या. शेवटी शेटजींनी पहारेकऱ्यांना गाठले. त्यांतला एक जण आठवून म्हणाला, “एक म्हातारी होती खरी. विटकं लुगडं, अनवाणी. नाव विचारलं तर सांगता येईना. त्या झाडणाऱ्या बाईनं फार गळा काढला, ही शेटजींची आई आहे, हिला नेऊ नका म्हणून. आम्ही हसलो. तुम्हीच सांगितलं होतं ना, कोणाचं ऐकू नका.”

 शेटजी तसेच नदीकडे धावले.

काठावर गर्दी जमली होती. सकाळी गुडघाभर असलेली वेळू आता तांबड्या पाण्याने दुथडी वाहत होती. वर डोंगरात कुठेतरी मोठा पाऊस झाला होता. नदीच्या मध्यावर वाळूचे एक बेट आहे. पहारेकरी भिकाऱ्यांना तिथवर सोडून परतले होते आणि पुढे पलीकडच्या तीरावर त्यांनी आपले आपण जायचे होते. पण म्हातारीचे पाय बेटावरच गळाले आणि तिला सोडून पुढे जायला कोणी तयार झाले नाही. एकोणीस माणसे तिच्याभोवती बसून राहिली होती. आता बेट सगळीकडून वेढले गेले होते आणि घटकेघटकेला आकसत होते. काठावरून माणसे ठिपक्यांएवढी दिसत होती. त्यांत आई कोणती आणि भिकारी कोण, हे शेटजींना ओळखता येईना.

त्यांनी नावाड्याचे पाय धरले. म्हातारा नावाडी कळवळून म्हणाला, नाव घातली तर ती उलटेल आणि त्यांच्या कामालाही येणार नाही, ओढ जरा कमी होऊ द्या. शेटजींनी स्वतः पाण्यात उडी घेतली, पण दहा पावलांतच दोघांनी त्यांना ओढून काढले.

मग त्यांना काहीच सुचेना. ते उलट्या पावली चौकाकडे पळाले.

महाराज त्याच पायरीवर बसले होते. डोळे मिटलेले, मान किंचित झुकलेली, जणू पाठीवर मोठे ओझे पेलले होते. ऊन रखरखत होते आणि महाराजांच्या घोंगडीतून पाणी गळत होते. पंचा चिंब झाला होता. पावलांवर तांबडा गाळ होता आणि पायरीवरून गढूळ पाण्याचा ओघळ चौकात उतरत होता. यशवंतशेटांनी त्या पाण्याला बोट लावले. ते नदीच्या पाण्यासारखे गार होते.

शेटजी तिथेच बसले. त्यांना मागायचे होते. पण आयुष्यात त्यांनी कोणापुढे हात पसरला नव्हता. शेवटी त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, “महाराज, भीक घाला. माझी आई मला द्या. आणि तिच्याबरोबर आहेत ती सगळी द्या.”

महाराजांनी डोळे उघडले नाहीत. नुसते म्हणाले, “जा. आता नाव जाईल.”

शेटजी नदीवर पोचले तेव्हा नावाडी वल्हे घेऊन उभाच होता. पाण्याची ओढ आली तशी अचानक ओसरली होती. नावेने तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत आई आली. ठकूबाईने तिला आपल्या लुगड्याच्या पदरात गुंडाळून छातीशी धरले होते. आईच्या मुठीत भिजवलेल्या भाकरीचा तुकडा होता आणि ती निवांत चघळत होती. शेटजींनी तिला उचलून घेतले. तिचे अंग उबदार लागले तेव्हा कुठे त्यांचा श्वास मोकळा झाला आणि ते लहान मुलासारखे हमसून रडले.

एकोणीसच्या एकोणीस जण सुखरूप उतरले. त्यांना विचारावे तर सगळे एकच सांगत होते. पाणी कमरेला लागले तेव्हा महाराज वरच्या अंगाला येऊन उभे राहिले. प्रवाहाकडे पाठ केली, घोंगडी दोन्ही हातांनी पसरली आणि तिच्या आडोशाला पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी गेले. ठकूबाई म्हणाली, “एकदाच बोलले. म्हाताऱ्या मायला मधे घ्या, म्हणाले. मग नाव निघाली तशी दिसेनासे झाले.”

काठावरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्या वेळी चौकात बसलेले महाराज त्यांच्यातल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले होते.

सगळी मंडळी चौकात आली. महाराज पायरीवर उभे राहून पंच्याचे सोगे पिळत होते. यशवंतशेटांनी आईला खाली बसवले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी त्यांना खांद्याला धरून थांबवले.

“मला कशाला? मी इथून हललो नाही, तू पाहिलंस. तुझ्या आईचा हात ज्यांनी सोडला नाही, ती माणसं तुझ्या मागे उभी आहेत. तुझी आई कोण, हे तिला स्वतःला सांगता येत नव्हतं आणि यांनी ते विचारलंही नाही.”

शेटजी वळले. त्या ओल्या, थकलेल्या माणसांसमोर, साऱ्या पेठेच्या देखत, त्यांनी फरशीवर साष्टांग दंडवत घातला. ठकूबाई संकोचून मागे सरकली. उठा, आईंना आधी कोरडं नेसवा, त्या भिजल्यात, एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्याच संध्याकाळी शेटजींनी आपली कापसाची वखार उघडली, आत गोधड्या टाकल्या, चूल मांडली आणि दाराचे कुलूप नदीत टाकून दिले. ज्याला राहायला जागा नाही त्याने तिथे राहावे आणि कोणी पत्ता विचारला तर लाडांची वखार सांगावा, असे त्यांनी जाहीर केले. त्या पत्त्यावर पुढे कितीतरी जणांना कामे मिळाली. अंबूताईची शेवटची तीन वर्षे ठकूबाईच्या सोबतीत सुखाची गेली. आणि यशवंतशेट पेढी उघडण्याआधी रोज देवळाशी येत, पायरीवर कोणी नवे माणूस येऊन बसलेले असले तर आधी त्याला वाकून नमस्कार करीत, त्याचे नाव विचारीत आणि मग मारुतीच्या दर्शनाला जात.

भाविकहो, त्या दिवशी ज्यांनी बेट राखले ते श्री निवांतनाथ, उघड्यावर निजणाऱ्या प्रत्येकाच्या उशाशी जागे राहोत.