चिमूटभर पीठ

डोंगरउतारावरच्या एका गावात एक सून राहायची. तिला आईबाप नव्हते. सासऱ्यानेच तिला लेकीसारखी माया लावली होती. तोच सासरा तापातून उठला आणि त्याचं अन्न तुटलं. नाचणीची घट्ट लापशी घशाखाली उतरेना. पाणी घालून पातळ केली, तर वाटीभर पाण्यानेच पोट भरायचं आणि अंगी काही लागायचं नाही. म्हाताऱ्याचा नुसता सापळा उरला. सुनेचा जीव टांगणीला लागला.

"खा ना हो मामंजी! किती विनवायचं?" ती करवादायची. म्हातारा भिंतीकडे तोंड करायचा.

शेजारच्या सुईणकाकीने ते ऐकलं. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचं पीठ तिने आणून दिलं. "लापशी शिजून निवत आली, की यातलं चिमूटभर ढवळ."

आता चिमूटभराने काय व्हायचं? सुनेने मायेच्या भरात रटरटत्या पातेल्यातच मूठभर ओतलं. लापशी आणखीच गच्च झाली. बिचारी रडकुंडीला आली.

"अगं वेडे," काकी म्हणाली, "दाण्याला मोड फुटतो, तेव्हा पीठ तोडून, त्याची साखर करून कोंबाला भरवणारं काहीतरी त्यात जागं होतं. तसलंच आपल्या लाळेतही असतं. ते तोडत राहतं, स्वतः सरत नाही, म्हणून चिमूट पुरते. पण उकळीत घातलंस की मेलंच! आणि उकळी काय फक्त चुलीवरच फुटते होय?"

शिकलेली माणसं त्या 'काहीतरी'ला विकर म्हणतात. सुनेला ते नाव ठाऊक नव्हतं, पण काकीचा टोमणा मात्र बरोबर लागला.

दुसऱ्या दिवशी तिने धीर धरला. बोटाला सोसेल इतकी लापशी निवू दिली, मग चिमूट टाकून ढवळली. पाण्याचा थेंब न घालता लापशी हळूहळू सैल झाली, पळीवरून तिची धार पडू लागली. वाटी घेऊन ती सासऱ्यापाशी बसली. आज तिने घाई केली नाही.

म्हाताऱ्याने एक घोट घेतला, मग दुसरा. "पोरी, आज गूळ घातलास?"

"नाही हो, मामंजी."

"मग गोड कशी लागते?" असं म्हणत त्याने वाटी निपटली आणि पुन्हा पुढे केली. "आहे का अजून?"

पातेल्याकडे वळताना सुनेला डोळ्यांतल्या पाण्याने पळी दिसेना.

तात्पर्य: माया चिमूटभरही पुरते, फक्त तिला उकळी फुटू देऊ नये.