सावरीच्या बोंडाचा पाळणा

एका राज्यात, जिथे डोंगर काळे होते आणि नदी आठ महिने मुकी वाहत असे, वज्रबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याची राणी वारली होती. मागे एकच कन्या होती, रत्नलेखा, सात वर्षांची. तिला कोंडाई नावाच्या दाईने वाढवले होते.

कोंडाईला टाकाऊ म्हणून काही टाकवत नसे. चिंचोक्याचे पाट, रिठ्याच्या हंड्या, ज्वारीच्या भेंडाची खाट, कांद्याच्या पातीचे पडदे, असे करून ती बोटभर बाहुल्यांसाठी घर मांडी. राजकन्या त्या घरापुढे बसली की जेवणाची शुद्ध तिला राहत नसे. एके दिवशी शेजारच्या राज्याचे वकील आले, त्यांनी ते घर पाहिले आणि ते हसले. राजाला ते हसणे झोंबले. त्याने बाहुल्यांचे घर चुलीत घातले, कोंडाईला वेशीबाहेर काढले, आणि लेकीसाठी सोन्याचे घर आणायला तो निघाला.

काळ्या डोंगरात कालजिव्ह मांत्रिकाची टेकडी होती. तिच्या पोटात हातभर उंचीचे सोन्याचे घर पुरलेले होते. दारावर अक्षरे होती : 'ज्याला माझा मोह, त्याचे मूल माझे.' राजाने ती अक्षरे वाचली. वाचूनही त्याने घर गाड्यावर चढवले.

त्या अमावास्येला, दिवे लागायच्या वेळी, सोन्याचे दार करकरले. राजकन्या बोटाएवढी झाली, आत गेली, आणि दार तिच्यामागे लोटले गेले. राजाची मुले म्हणजे सारी प्रजाच, म्हणून पुढच्या अमावास्येला सटवा कुंभाराची लेक धुरपी गेली. त्याच्या पुढच्या अमावास्येला साळ्याचा मुलगा. सात महिन्यांत सात मुले गेली. खिडकीतून ती दिसत. त्यांचे ओठ हलत, आवाज मात्र येत नसे. आत चूल नव्हती, अंथरूण नव्हते, केवळ सोने होते. राजाच्या सोनारांनी घण घातले, तर प्रत्येक घणासरशी भिंती आत सरकल्या. मग घण थांबले. लोक अमावास्येला आपली मुले खांबाला बांधून ठेवू लागले. दोरी बांधलेली राही आणि मूल जाई.

कोंडाई या दिवसांत जुन्या वीटभट्टीजवळच्या खोपटात तीन मांजरांसह राहत होती. राखुंडी म्हातारी होती. काजळी काळी आणि चोर होती. भुरी अजून कालची पोर. मांजरे घरात असली की बोटभर घरे मांडणे सोपे नव्हे. भुरी कोनाड्यातल्या हंड्या पंजाने एकेक करून खाली ढकली आणि पडली की वाकून पाही. चिकटवायच्या भाताच्या खळीत केस सापडत. राखुंडीला तर टोपली दिसो, सूप दिसो, फुटके गाडगे दिसो, आत अंग मुडपून बसल्याशिवाय राहवत नसे. मावली तरी, न मावली तरी. कोंडाई त्यांना रागावे आणि पुन्हा मांडामांड करी. ज्या मुलीसाठी मांडायची ती सोन्याच्या भिंतीत होती, हे तिला ठाऊक होते. तरी हात थांबत नव्हते.

एका सकाळी भुरीने तोंडात साळुंकी धरून आणली. कोंडाईने तिचा जबडा उघडून साळुंकी सोडवली, पंखाला हळद लावली. साळुंकी बोलली.

"दाई, तू मला जीव दिलास. मी तुला भेद देते. सोन्याच्या घरासमोर दुसरे घर मांड. त्यातली एकही वस्तू विकत घेतलेली नसावी, मागून आणलेली नसावी, जित्या झाडाची तोडलेली नसावी. त्यात तीन वस्तू हव्यात. पेटेल अशी चूल, खरा चेहरा दाखवील असा आरसा, आणि पाळणा."

"पाळण्यात काय घालू?"

"पाळण्यात कोणीतरी आपखुशीने निजले पाहिजे. जो त्यात पाय ठेवील तो पाळण्याएवढा होईल, आणि पुन्हा कधी मोठा होणार नाही. तो निजला की सोन्याची भूक भागेल."

साळुंकी उडून गेली. अमावास्येला नऊ दिवस उरले होते. कोंडाई बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत बसली. मग उठून कामाला लागली.

पहिली वस्तू चूल. भट्टीजवळच्या मातीची केली, ती वाळताना तडकली. दुसरी केली, भुरीने तिच्यावर उडी घातली. तिसऱ्या दिवशी दारात सटवा कुंभार उभा राहिला. त्याच्या पंच्यात ओल्या मातीचा गोळा होता. लेक गेल्यापासून त्याने चाक फिरवले नव्हते.

"साळुंकीने माझ्या आढ्यावर बसून सगळे सांगितले," तो म्हणाला. "तुम्ही मागू नका. मीच देतो. ही धुरपीने तुडवलेली माती आहे. पाच महिने झाकून ठेवली होती... नाही, सहा महिने. मला मोजता येत नाही आता."

त्या मातीची चूल तडकली नाही. केरसुणीच्या तुटक्या हिरांचे सरपण घातले, आणि ती पेटली.

दुसरी वस्तू आरसा. कोंडाईने अभ्रकाचा तुकडा घासला. त्यात पाहणारा गोरा दिसे, तरणा दिसे. तो खोटा होता. काचेच्या बांगडीचा तुकडा लावला, त्यात सगळेच वाकडे दिसे. तोही खोटा. सहाव्या दिवशी काजळीने नदीवरून मासा पळवून आणला, उंबऱ्यावर खाल्ला, आणि नखाएवढे खवले तिथेच टाकून ती अंग चाटत बसली. कोंडाईने त्यातला एक खवला धुतला, पाठीला काजळ लावले, बोरीच्या काट्याने चौकटीत बसवला.

त्याच दुपारी राजा आला. एकटा आला, पायी आला.

"कोंडाई, तू काही करीत आहेस असे ऐकले. तुला काय देऊ?"

"काही देऊ नका, महाराज. दिलेत तर ते विकत घेतल्यासारखे होईल. फक्त यात पाहा."

राजा गुडघ्यावर बसला आणि त्याने खवल्यात पाहिले. त्यात मुकुट नव्हता. भीतीने कुरतडलेला एक म्हातारा होता, ज्याने दारावरची अक्षरे वाचली होती. राजा फार वेळ उठला नाही. कोंडाईला कळले, आरसा खरा आहे.

तिसरी वस्तू पाळणा. माळावर सावरीची वाळकी बोंडे गळून पडली होती. त्यातले एक होडीसारखे उकललेले बोंड तिने उचलले. आत त्याचाच कापूस अंथरला. टांगायला दोरी हवी होती. मांजरांचे गळलेले केस तिने महिनोन् महिने एका गाडग्यात साठवले होते. ते कापसात मिसळून तिने मांडीवर दोर वळला.

आठव्या दिवशी सटवा पुन्हा आला तेव्हा ती खोपट सारवीत होती. एरवी ती सणाशिवाय सारवत नसे.

"सटवा, उद्यापासून यांना भाकरीचा काला घालशील? राखुंडीला दात नाहीत. तिचा मऊ कुस्कर."

सटव्याने तिच्याकडे पाहिले. त्याच्या ध्यानात आले. "नका जाऊ," एवढेच तो म्हणाला.

"मग कोण जाईल? तुला चाक आहे. राजाला राज्य आहे."

अमावास्येला दुपार कलल्यावर राजवाड्याच्या चौकात सोन्याचे घर ठेवले गेले. त्याच्यासमोर कोंडाईने फाटक्या सुपावर आपले घर मांडले. मांजरे तिच्यामागोमाग आली होती. कोंडाई कुठेही गेली तरी ती येत. सारे नगर भिंतींना टेकून उभे होते.

कोंडाईने चूल पेटवली. सोन्याच्या दाराला केसाएवढी फट होती. त्या फटीतून ऊब आत गेली, आणि मुले भिंतींपासून उठली. तिने आरसा फटीसमोर धरला. सोन्यात सगळ्यांचे चेहरे सारखेच पिवळे दिसत, त्यामुळे मुले आपापली नावे विसरून गेली होती. खवल्यात प्रत्येकाने आपले तोंड पाहिले आणि ओठ हलवून आपले नाव घेतले. पण दार उघडेना.

कोंडाईने पाळणा टांगला. पदर खोचला. खाली वाकून तिने राजाला नमस्कार केला, सटव्याकडे एकदा पाहिले, आणि उजवा पाय उचलला.

तिचा पाय हवेत होता तेवढ्यात राखुंडी पुढे झाली. तिने बोंड हुंगले, पुढचे दोन पाय आत ठेवले, आणि सवयीप्रमाणे अंग मुडपले. पाहता पाहता ती सुपारीएवढी झाली. तिने कापूस दोनदा तुडवला, तोंड शेपटीखाली घेतले आणि ती झोपली.

"राखुंडे!" कोंडाई ओरडली. राखुंडी उठली नाही. तिची घुरघुर सुरू झाली, अगदी बारीक. गेल्या सात महिन्यांत सोन्याच्या घरात पोहोचलेला तो पहिला आवाज होता.

दार उघडले. मुले बाहेर आली, उंबरा ओलांडताच पूर्वीएवढी झाली. आयांनी त्यांना ओढून घेतले. रत्नलेखा शेवटी आली. ती बापाकडे गेली नाही, दाईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. सोन्याचे घर मागे खचले आणि त्याची तपकिरी धूळ झाली.

सटवा मोजत होता. मुले सहा होती.

"माझी धुरपी?"

राजकन्या म्हणाली, "ती आली त्या दिवशी दार मिटत होते. तिने फटीत हात घातला. मी म्हटले, सोड. ती म्हणाली, मिटले तर मग आतून कोणालाच उघडणार नाही. तिचा हात सोन्याचा झाला. मग खांदा झाला. मग ती बोलेनाशी झाली."

राजा धुळीत गुडघे टेकून बसला. त्याने दोन्ही हातांनी धूळ चाळली. तिच्यात बोटाएवढी सोन्याची मुलगी निघाली, एक हात पुढे ताणलेली. राजाने ती ओंजळीत घेतली, स्वतः चौक ओलांडून कुंभारापुढे गेला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"दोष माझा. आत ऊब गेली ती हिने धरलेल्या फटीतून. मी हिचे देऊळ बांधीन, हिला सोन्याच्या..."

"सोन्याचे नाव काढू नका, महाराज." सटव्याने लेक आपल्या हातात घेतली. "पोर मातीची होती."

अमावास्या सरली. पुढच्या अमावास्येला नगरातल्या कोणी मूल बांधले नाही. राजाने टेकडीतला खड्डा बुजवून टाकला. कोंडाईला त्याने वाड्यात परत बोलावले, तेव्हा ती म्हणाली, "राजकन्येला माझ्याकडे पाठवा. येताना तिने वाटेत पडलेले काही वेचून आणावे." राजकन्या रोज जाऊ लागली. खोपटात सुपावरचे घर होते. पाळण्यात राखुंडी निजलेली असे. काजळी आणि भुरी त्या घराला कधी पंजा लावीत नसत. कोंडाई काडीच्या टोकावर दुधाचा थेंब घेऊन चुलीपाशी ठेवी. कधी तो संपे, कधी तसाच सुके.

आणि मुले सुटली त्याच संध्याकाळी सटव्याने सहा महिन्यांनी चाक फिरवले होते. मुठीएवढा घट केला, लेकीला आत ठेवले, ओल्या मातीने तोंड लिंपले. राजाने आपल्या हातांनी खड्डा खणला. अर्धा खणून झाल्यावर त्याची नखे फुटली. सटव्याने आपली कुदळ त्याच्या हातात दिली, आणि तो खणत असताना कुंभार त्याच्याजवळ उभा राहिला.