शिंपिणीची पाठपिशवी

उंच कड्याच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीखाली एक उंदरीण राहत असे. तिला तीन पिल्लं होती, अजून डोळेसुद्धा न उघडलेली. सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात शेजारच्या वारुळात नागोबा बिऱ्हाडाला आले. आता सांगा मुलांनो, असा शेजारी कुणाला हवा? कड्यावर एक कपार होती. तिचं तोंड इतकं अरुंद, की नागाचं डोकंही आत शिरलं नसतं. पण पिल्लं तिथवर न्यायची कशी? एकेक तोंडात धरून न्यावं, तर मागे राहिलेल्यांना कोण सांभाळणार? तिघांना एकाच खेपेत नेणं भाग होतं.

जवळच्या झुडपावर शिंपीण राहत असे. तोच तो इवलासा पक्षी, चोचीने पानं शिवून घरटं करणारा. सगळं रान तिच्याकडून काही ना काही शिवून घेई. खारीने दाण्यांसाठी झोळी शिवून घेतली होती, सशाने कानटोपी. जो तो "वा, झकास!" म्हणून वस्तू घेऊन जाई आणि शिंपीण मान आणखी ताठ करी. उंदरिणीने तिला दोऱ्यासाठी सावरीचा कापूस आणून दिला, पाठीचं माप दिलं आणि म्हणाली, "बाई गं, तीन पिल्लं मावतील अशी पाठपिशवी शिव. कडा चढायचाय." शिंपिणीने चटकन चार हिरवी पानं तोडली आणि पिशवी शिवून दिली. दिसायला काय सुरेख! बघत राहावं अशी.

नाग वारुळाबाहेर गेला की निघायचं, म्हणून उंदरीण दोन दिवस वाट पाहत राहिली. पण ती होती सावध. एकदा अजमावून बघू या म्हणून तिने पिशवीत पिल्लांच्या वजनाचे तीन दगड घातले आणि दारातल्याच खडकावर चढू लागली. थोडं वर जाते न जाते तोच टर्रकन आवाज झाला आणि तिन्ही दगड गडगडत खाली! दगडांच्या जागी पिल्लं असती तर? उंदरिणीला रडूच फुटलं.

फांदीवरून खार खिदळली. "अगो बाई, तुझीही फाटली? माझ्या झोळीतले सगळे दाणे सांडले. सशाची टोपी तर नुसत्या शिंकेने उसवली!"

"मग शिंपिणीला कुणी सांगितलं नाही?"

"छे गं, तोंडावर कसं सांगायचं? वाईट वाटेल तिला. तूही गुपचूप फेकून दे."

"वाहवा! तिला वाईट वाटू नये म्हणून माझी पिल्लं पडू देऊ?" असं म्हणून उंदरीण फाटकी पिशवी घेऊन थेट शिंपिणीच्या दारात गेली आणि घडलेलं सगळं सांगितलं.

शिंपिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पिसं फुगवून ती म्हणाली, "काहीतरीच! आजवर माझ्या कामाला एकाने तरी नाव ठेवलंय? तूच ओढाताण केली असशील." खोटं बोलत नव्हती हो बिचारी. कुणी सांगितलंच नव्हतं, तर तिला कळणार कुठून?

उंदरीण हळूच म्हणाली, "मी भांडायला नाही आले गं. तुझ्याशिवाय मला शिवून देणार तरी कोण? एवढंच सांग, या पिशवीत तू तुझी अंडी ठेवशील?"

शिंपिणीने पिशवी चोचीने उलटसुलट केली, तर पान पापडासारखं कडकड मोडलं. मग तिने आपल्या घरट्याकडे पाहिलं. त्याची पानं अजून फांदीलाच होती, हिरवी आणि लवचिक. तिचे डोळे भरून आले. "चुकलंच माझं. जिवंत पानाला घालायचा टाका मी तोडलेल्या पानाला घालत बसले. ते वाळलं की टाक्याच्या भोकापाशीच फाटणार. तू आली नसतीस, तर मी जन्मभर हेच करत राहिले असते."

मग काय, दोघी कामाला लागल्या. उंदरिणीने रानकेळीचं सोपट, म्हणजे खोडाची जाड साल, आणि शिवायला चिवट वाखाचा दोरा ओढून आणला. शिंपिणीने दुहेरी शिवण घातली, काठ वळवून घेतला. पिशवीत दगड भरून ती वाऱ्यात दिवसभर टांगून ठेवली. संध्याकाळी तिच्यावर बसून स्वतः धपाधप उड्या मारल्या. मग म्हणाली, "अंडी ठेवशील का, ते आता पुन्हा विचार बघू."

"नको," उंदरीण हसली. "तुझ्या डोळ्यांत दिसतंय."

सकाळी नाग लांब गेल्यावर उंदरीण निघाली. निम्म्या कड्यावर तिचा पाय सटकला! पिशवीचा बंद एका काटेरी खोडात अडकला आणि उंदरीण पिल्लांसकट अधांतरी लोंबकळू लागली. खालून खार किंचाळली. शिंपिणीने तर डोळेच मिटले. पण टाका जागचा हलला नाही. उंदरिणीने खडकाला नखं रोवली, बंद सोडवला आणि ती सुखरूप कपारीत पोहोचली. पिशवीत डोकावून बघते तर तिन्ही पिल्लं गाढ झोपलेली!

दुसऱ्या दिवशी खार मान खाली घालून शिंपिणीकडे आली. हातात फाटकी झोळी होती. "शिंपीणबाई, एक सांगायचं राहिलं होतं…"

"इतके दिवस तोंड शिवलं होतं का गं तुझं?" शिंपीण कडाडली. पण झोळी तिने ठेवून घेतली, आणि खारीसमोरच तिची शिवण उसवायला बसली.

तात्पर्य : काम बिघडलं असेल, तर ते करणाऱ्याला समोर जाऊन नीट शब्दांत सांगावं. आज नुसते दाणे सांडले म्हणून आपण भिडेने गप्प राहिलो, तर उद्या त्याच शिवणीत कुणाची तरी पिल्लं असतात.